नवाबाचं रक्त

माझे सासरे बन्सीधरराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, तेव्हा खात्यानं त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. हुकूम चालवायला मात्र काही दिलं नाही. जन्मभर कालव्याच्या पाण्यावर राज्य केलेल्या माणसाला घरातल्या नळालासुद्धा कुणी हात लावू देईना. म्हणून माझ्या नवऱ्यानं, नागेशनं, पुण्याहून त्यांच्यासाठी लॅब्रॅडोरचं पिल्लू आणलं. पिल्लाबरोबर त्याच्या खानदानाचा कागदही आला. त्यात त्याच्या आजा-पणजापर्यंतची नावं होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सरजाबाई, तो कागद बघून म्हणाल्या, "आपल्या घरात इतक्या वरची नावं कुणाला येत न्हाईत."

मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्याचं नाव नवाब ठेवलं. कुत्र्यानं नाव राखलं. दिवसभर सोफ्यावर लोळायचं, जेवणाची चाहूल लागली की उठायचं, जेवून पुन्हा लोळायचं. दारात कोणी आलं तर एक डोळा उघडून बघायचं आणि माणूस आपल्या लायकीचा नाही असं ठरवून तो मिटायचं. मामांना याचा फार अभिमान. म्हणायचे, "खानदानी हाय. उगंच भुंकत न्हाई."

भुंकायचं काम शेजारच्या सितारामच्या भुऱ्याकडं होतं. सितारामचं मानवतच्या मोंढ्यात धान्याचं दुकान आहे. भुऱ्या त्याचाच गावठी कुत्रा, चांगला थोराड, मातकट रंगाचा, वेळच्या वेळी लस टोचलेला. त्याला नवाबाशी खेळायची फार हौस. तो फाटकाशी येऊन शेपूट हलवायला लागला की मामा आतून पाण्याची बादली घेऊन धावायचे. एकदा भाजी मंडईत चार लोकांच्या देखत मामा सितारामला म्हणाले, "कुत्रं पाळावं तर खानदानी पाळावं. न्हाईतर दारात दगड ठिवावा. त्यो निदान खात तरी न्हाई." त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. भुऱ्याला हे कुणी सांगितलं नसल्यानं तो येतच राहिला.

यंदा हुरड्याच्या दिवसांत नवाब जास्तच लोळायला लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आळशाचा आजार ओळखायचा कसा? मीही दिवसभर पतसंस्थेत असते, संध्याकाळी घरी आले की तो सोफ्यावरच असायचा, सकाळी निघतानाही सोफ्यावरच. मग एका सकाळी आत्याबाई ओरडल्या, "आगं राजेश्री, नवाबानं भाकरीला तोंड लावलं न्हाई!"

घर हादरलं. माझ्या बाळंतपणातही इतकी धावाधाव झाली नव्हती.

मामांनी मोबाईलवर दोन व्हिडिओ पाहिले, नवाबाचा ओठ वर केला आणि जाहीर केलं, "हिरड्या बघ. पांढऱ्याफेक. रक्त कमी झालंय."

ते खरं होतं, हीच पुढची सगळी पंचाईत. माणूस एकदा बरोबर ठरला की त्याचे पुढचे दहा इलाज कुणाला अडवता येत नाहीत.

"परभणीला डॉक्टरला दाखवू," नागेश म्हणाला.

"डॉक्टर काय करील? रक्त कमी हाय हेच सांगंल. ते मीच सांगायलोय की फुकटात."

मग बीटाचा रस झाला. नवाबानं तो हुंगला आणि फरशीवर सांडला. डाळिंबाचे दाणे झाले. ते त्यानं एकेक करून तोंडातून बाहेर काढून ठेवले. मामांनी मेडिकलवरून लोहाचं टॉनिक आणलं, बाटलीवर हसऱ्या बाईचं आणि बाळाचं चित्र. ते बाळंतिणीचं औषध आहे असं मी म्हटलं, तर मामा म्हणाले, "लोह ते लोह. त्याला काय नर-मादी असतंय?" टॉनिक पोटात गेलं आणि उलटीवाटे माझ्या चादरीवर आलं. आत्याबाईंनी मीठ-मोहरी ओवाळून नजर काढली. मोहरी तडतडली तेव्हा त्यांनी सितारामच्या भिंतीकडं बघितलं.

समोरच्या चांगुणाबाईंना बातमी कळायला वेळ लागला नाही. गल्लीत कुणाच्या पोटात काय चाललंय हे त्या पोटाच्या मालकाच्या आधी त्यांना कळतं. त्या आल्या, नवाबाकडं बघून चुकचुकल्या आणि म्हणाल्या, "आवो, रक्ताला रक्तच लागतंय. पाल्यापाचोळ्यानं काय हुणार? कलेजी द्या."

"माझ्या चुलीवर न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. आमच्या घरात मांसमच्छी होत नाही.

"तुमच्या चुलीला कोण म्हणतंय? मी आणते करून. मस्त कांद्यात परतते, लसूण ठेचून टाकते. माणूस बोटं चाटतंय, मग कुत्रं कसं न्हाई खाणार?"

तो दिवस चांगुणाबाईंचा होता. डबा उघडताच नवाबानं मान वर केली. भाकरी नाकारणारा, डाळिंब थुंकणारा आमचा नवाब डबा चाटूनपुसून मोकळा झाला. ओट्यावर जमलेल्या आयाबायांनी निःश्वास टाकला. मामांचे डोळे पाणावले.

"बघा," चांगुणाबाई म्हणाल्या, "रक्त भरायलंय आतून."

मग रोज डबा यायला लागला. आणि नवाब रोज थोडा जास्त पडून राहायला लागला. "कलेजी पचायला जड असतीय," चांगुणाबाई सांगायच्या, "म्हणून गुंगी येतीय." मामा मान डोलवायचे. इलाज चालू असताना रोग्यानं मरायला टेकावं हे आमच्याकडं इलाजाचं अपयश धरत नाहीत, रोग्याचा आगाऊपणा धरतात.

रविवारी सकाळी नवाब अंगणात लघवीला उभा राहिला. पांढऱ्या फरशीवर कोऱ्या चहासारखं गडद पाणी पसरलं. त्यानं दोन पावलं टाकली, पुढचे पाय दुमडले आणि तो तिथंच बसकण मारून धापा टाकायला लागला. मामा त्याच्याजवळ गेले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण इलाज सुचला नाही.

नागेशनं न विचारता गाडी काढली. नवाबाला चादरीत घालून मागच्या सीटवर ठेवलं. मामा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले, आत्याबाई पायाशी. चांगुणाबाईही चढल्या. मधला इलाज आपला असल्यामुळं डॉक्टरांना आपली गरज पडेल, असं त्यांना वाटत होतं.

परभणीत डॉक्टर धम्मशीला खिल्लारेंचा खाजगी दवाखाना आहे, कुत्र्या-मांजरांचा. बाई चाळिशीच्या, बोलायला शांत. मात्र त्या शांतपणाची आधी भीती वाटते. त्यांनी नवाबाच्या हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला.

"दाबलं की हिरडी पांढरी होते, सोडलं की लगेच गुलाबी व्हायला पाहिजे. याची दाबायच्या आधीच पांढरी आहे." मग डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. "आणि डोळ्यात पिवळेपणा आहे. छाती बघा कशी धडधडतेय."

"रक्त कमी झालंय," मामा म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच सांगितलतं. तुमी फक्त लोहाचं इंजेक्शन द्या."

"तुम्ही काय करता?"

"पाटबंधारे खात्यात होतो. रिटायर."

"मग मला सांगा, कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी कमी पोचलं तर तुम्ही काय करायचा? वरून टँकर ओतायचा?"

मामा ताठ झाले. "असं कसं? आधी कारण बघायचं. कुठं गळती हाय का. धरणातूनच कमी सोडलंय का. न्हाईतर मधेच कुणी मोटर लावून उपसायलंय का."

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त कमी होणं हा रोग नाही, ती शेवटच्या गावाची तक्रार आहे. एक तर रक्त कुठंतरी गळतंय, जखमेतून, आतड्यातल्या जंतांमुळं, गोचिडांमुळं, उंदराचं विष पोटात गेलं तरी. नाही तर हाडांच्या आत ते तयारच होत नाहीये, मूत्रपिंड बिघडलं की तसं होतं. नाही तर तयार झालेलं रक्त आतल्या आत फुटतंय. लघवी गडद, डोळे पिवळे, म्हणजे मला हे तिसरं वाटतंय. पण वाटण्यावर औषध देत नसतात."

शेवटचं वाक्य त्यांनी कुणाकडं बघून म्हटलं नाही. तरी आम्हा सगळ्यांना ते पोचलं.

त्यांनी नवाबाच्या पायातून रक्त घेतलं. काचेच्या बारीक नळीत भरून ती यंत्रात गरागरा फिरवली. नळी बाहेर आली तेव्हा वर पाणी आणि तळाला लाल रंगाचा इवलासा थर. "निरोगी कुत्र्याच्या रक्तात लाल भाग शंभरात चाळीसच्या पुढं असतो," त्या म्हणाल्या. "याचा तेरा आहे."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

"गोचीड होते का अंगावर?"

"एक न्हाई," मामा म्हणाले. "मी बंदोबस्त केलाय."

"घरात उंदराचं औषध?"

"न्हाई."

"खायला काय देता?"

"दूध-भाकरी."

"आणखी काय?"

"बास. शुद्ध शाकाहारी कुत्रं हाय."

मी चांगुणाबाईंकडं बघितलं. त्या भिंतीवरचं मांजराचं कॅलेंडर वाचत होत्या. "रोज कलेजी चालू आहे," मी म्हणाले. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. कलेजीनं काही बिघडत नाही, असं म्हणून त्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून आत गेल्या.

बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. "गोचीड-तापाचे जंतू दिसले नाहीत. विष्ठेत आतड्याचे जंत नाहीत. पण तांबड्या पेशींवर टेंगळं आलीयत. अशा पेशी शरीर स्वतःच फोडून टाकतं." त्या थांबल्या. "कांदा कोण देतं याला?"

दवाखान्यात एवढी शांतता पसरली की पिंजऱ्यातलं मांजरही उठून बसलं.

"कांदा?" मामा म्हणाले. "कांद्याला कुणी खाणं म्हणतंय का? कांदा म्हंजे तोंडीलावणं."

"कांदा, लसूण, कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, सगळा. कुत्र्याच्या रक्ताला ते विष आहे. एखादा तुकडा गेला तर निभतं, रोज गेलं तर पेशी फुटतात. कोण देतं?"

चांगुणाबाई कॅलेंडर सोडून वळल्या. "कलेजी का कांद्याबिगर हुतीय? आमी काय नुसती उकडून द्यायची? पाहुण्याला देताव तशी दिली."

"पण कलेजी तर आजारी पडल्यावर सुरू झाली," मी म्हणाले. "मग आजारी पडला कशानं?"

आता आत्याबाई हळूच म्हणाल्या, "मी दुपारी पिठलं घालायचे त्याच्या भाकरीवर. कोरडी भाकर गिळत न्हाई ना लेकरू. कांदा जरा जास्त असतोय माझ्या पिठल्यात."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मामा आत्याबाईंवर खेकसले, "तुला कुणी सांगितलतं? मला न विचारता! जीव घेतला की कुत्र्याचा!"

"आणि गोचिडांचा बंदोबस्त तुम्ही कसा केला?" डॉक्टरांनी विचारलं.

मामांचा आवाज एकदम खाली आला. "ते... ग्रुपवर आलतं. लसणानं गोचीड धरत न्हाईत म्हणून. सकाळी दुधात. ठेचून."

"किती?"

"गड्डा."

"पाकळी?"

"गड्डा."

तर असा आमचा शाकाहारी नवाब सकाळी मामांचा लसूण, दुपारी आत्याबाईंचा कांदा आणि वरून चांगुणाबाईंचं दोन्ही मिळून खात होता. त्याच्या जिवावर कुणीच उठलं नव्हतं. सगळे त्याच्यावर जीव टाकत होते, एकमेकांपासून लपवून.

"आता रडू नका," डॉक्टर म्हणाल्या, कारण आत्याबाई सुरू झाल्या होत्या. "पुढचं ऐका. कांदा बंद केला की शरीर नवं रक्त बनवेल, पण त्याला वेळ लागतो. एवढा वेळ याच्याकडं नाही. आजच रक्त चढवावं लागेल. एखादा मोठा, धडधाकट, लसीकरण झालेला कुत्रा आणा."

"लॅब्रॅडोर कुठून आणायचा आता?" मामा म्हणाले. "मानवतात आमचा एकटाच हाय."

"लॅब्रॅडोर कशाला? कुत्रा म्हटलं मी."

"पण जात बघावी लागंल ना. ह्यो खानदानी हाय. कशाचंबी रक्त कसं..."

डॉक्टर धम्मशीला खिल्लारेंनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. "बन्सीधरराव, रक्त चढवून घेताना जात विचारणारे मी लय बघितलेत. माणसांतले. बाटली अर्धी झाली की गप्प बसतात. मी दोघांच्या रक्ताचे थेंब मिसळून बघणार आहे, गुठळी झाली तर देणार नाही. एवढंच बघायचं असतं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. पण लवकर."

मामा खाली मान घालून उभे राहिले. धडधाकट, मोठा, लस टोचलेला कुत्रा कोणाचा आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नागेश म्हणाला, "मी लावू का फोन?"

"न्हाई," मामा म्हणाले. "मी लावतो."

त्यांना मोबाईल कानाला लावायची सवय नाही. त्यामुळं सगळा दवाखाना ऐकत होता.

"हॅलो, सितारामराव? बन्सीधर बोलायलोय."

पलीकडून उत्तर आलं, "राँग नंबर लागला वाटतं तुमचा."

"न्हाई न्हाई, बरोबर लागलाय. आमचा नवाब लय सिरियस हाय. परभणीला आणलाय. रक्त लागायलंय त्याला. डॉक्टर म्हणाल्या, तुमच्या भुऱ्याचं..."

"दगडाला रक्त असतंय व्हय, बन्सीधरराव?"

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ते फोन ठेवून देतील. "चुकलं माझं," ते म्हणाले. "मंडईत बोललो ते चुकलं. चार लोकांत बोललो, चार लोकांत माफी मागतो. पण आत्ता या. कुत्रं मरायलंय."

पलीकडून नुसता आवाज आला, "कोणता दवाखाना?"

सिताराम दुकानाच्या पिकअपमधून आला. भुऱ्या शेजारच्या सीटवर, खिडकीतून तोंड बाहेर काढून. खाली उतरल्यावर त्यानं सगळ्यांची चौकशी केली, मामांचे हातही चाटले. बादली बहुधा तो विसरला होता, किंवा कुत्र्यांना तेवढं मन असतं. डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं, थेंब मिसळून बघितले. गुठळी नाही. मग त्याच्या मानेवरचे थोडे केस काढून सुई लावली. भुऱ्या सितारामच्या मांडीवर मान टाकून शांत पडून राहिला.

शांत नव्हता तो सिताराम. पिशवीत लाल धार उतरायला लागली तसा तो पांढरा पडला, "मला जरा..." म्हणाला आणि खुर्चीसकट कलंडला. मामांनी त्याला धरलं, पाणी पाजलं, पेपरनं वारा घातला.

"यांच्याही हिरड्या बघू का?" डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं.

रक्त थेंबथेंब चढत होतं. मामा फरशीवर बसून नवाबाचा पंजा धरून होते. आत्याबाई बाहेर गेल्या तेव्हा ते मला म्हणाले, "राजेश्री, मी रोज स्वतःच्या हातानं पाजत हुतो गं. त्यो प्यायचा बी. तोंड वाकडं करायचा, पण माझ्याकडं बघून प्यायचा."

सिताराम बाजूच्या खुर्चीत डोकं धरून बसला होता. तो म्हणाला, "बसा गप. जाणूनबुजून दिलं का तुमी? आमच्या म्हातारीनं मला लहानपणी तापात काय काय पाजलंय, तरी मी जिता हाय."

संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा अंगठा दाबला. हिरडी पांढरी झाली, आणि सोडल्यावर हळूहळू फिकट गुलाबी. नवाबानं शेपूट एकदा हलवली, तीही भुऱ्याकडं बघून.

काही दिवस तो दवाखान्यात राहिला. घरी आला तेव्हा फाटकावर मामांनी पाटी लावली होती: "कुत्र्यास कांदा-लसूण घालू नये. हुकमावरून." ज्या ग्रुपवर लसणाचा इलाज आला होता, तिथं ते रोज सकाळी कांद्याच्या विषाची माहिती टाकायला लागले. शेवटी ग्रुपनं त्यांना काढलं. मग ते मंडईत कांदेवाल्यासमोर उभं राहून गिऱ्हाइकांना सांगायला लागले. चांगुणाबाई अजून डबा आणतात, उकडलेल्या कलेजीचा. पण "बेचव करून द्यायलेव, पाप लागंल आमाला" असं ऐकवूनच देतात.

महिनाभरानं फेरतपासणीला गेलो तेव्हा सिताराम आणि भुऱ्याही गाडीत होते. भुऱ्याचीही तब्येत बघून घेऊ, असं मामांनीच म्हटलं होतं. डॉक्टरांनी दोघांच्या नळ्या फिरवल्या.

"नवाब अडतीस. छान."

मामांचा चेहरा उजळला. "आणि ह्याचं?"

"भुऱ्याचं सेहेचाळीस."

मामांनी नळी हातात घेऊन उजेडात धरली. मग दुसरी धरली. "मशीन बरोबर हाय ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

परतीच्या वाटेवर मानवत जवळ आल्यावर मामांना राहवलं नाही. "सितारामराव, काय खाऊ घालता हो तुमी ह्याला?"

"काही न्हाई," सिताराम खिडकीबाहेर बघत म्हणाला. "आमचं कुणाचं त्याच्यावर तेवढं प्रेम न्हाई."